मोडलेली दाढ वाचवली, पण हातात वेळ ठेवून जा (मुलुंड पूर्व)

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. कामाला पाचपैकी पाच, वेळ पाळण्याला दोन, बिल समजावून सांगण्याला साडेतीन, आणि जिना चढावा लागतो त्याचे मार्क कापत नाही कारण मुलुंड पूर्वेच्या जुन्या बिल्डिंगमधे लिफ्ट कुठून आणणार. माझी केस साधी नव्हती. खालची उजवी पहिली मोठी दाढ, डेंटिस्ट लोक तिला ४६ नंबर म्हणतात, तिचं दुसरीकडे रूट कॅनाल झालेलं, वर कॅप होती, आणि ती कॅप जेवताना अख्खी घासात आली, दाताचा मोठा तुकडा आत घेऊन. तोंडात उरला नुसता खुंट, आणि जिभेच्या बाजूला तर तोही नाही. अशा दाढेवर दोन मिनिटांत उत्तर देणारे मुंबईत पुष्कळ भेटतात, काढून टाका आपण इम्प्लांट लावू, नाहीतर आणा ती कॅप परत चिकटवून देतो. या क्लिनिकच्या डेंटिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी दोन्हीपैकी काहीच सांगितलं नाही, म्हणाल्या आत्ता नाही सांगता येणार. मला तेच पटलं आणि म्हणूनच हा एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे "छान अनुभव, दुखलं नाही, स्टाफ चांगला" एवढंच वाचायला मिळायचं, मोडलेल्या दाढेवर कॅप बसवायच्या आधी नक्की काय काय करतात ते कोणी लिहीत नाही.

आधीच्या ठिकाणाचं नाव घेत नाही, इथे त्याचा विषय नाही. कॅप मी टिश्यूत गुंडाळून घेऊन गेले होते. मॅडमनी ती चिमट्यात धरून उलटी केली, लाइट खाली ओढला आणि मला म्हणाल्या ताई बघा आत. आत दाताचा पिवळट तुकडा, त्याच्याभोवती पांढरं सिमेंट, कडेकडेने फिरलेली काळी रेघ, आणि वास असा की मीच मान फिरवली. कॅपला काहीसुद्धा झालं नव्हतं, चकाचक होती. सी-वनमधे टाकलेल्या, म्हणजे धोकादायक ठरवून पाडायला काढलेल्या बिल्डिंगला बाहेरून रंग मारून द्यावा तसला प्रकार. मॅडमचं म्हणणं असं की कॅपची कडा बऱ्याच ठिकाणी दातावर नव्हतीच, आतल्या सिमेंटवर टेकली होती, त्या फटीतून लाळ आत जात राहिली आणि कीड आतल्या आत वाढत गेली, आणि रूट कॅनाल झालेलं असल्यामुळे नस नाही, नस नाही म्हणजे ठणका नाही, म्हणजे आपल्याला कळणार कसं.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला दाढेचं चित्र काढलं. कॅपची कडा जिथे संपते तिथून वर, चहूबाजूंनी, आपल्या ओरिजिनल दाताची भिंत दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि साधारण एक मिलिमीटर तरी जाड शिल्लक पाहिजे. भराव कितीही भारी घातला तरी तो यात मोजायचा नाही. त्या भिंतीला कॅप बाहेरून आवळून धरते, याला ते लोक फेरूल म्हणतात. हे फेरूल मिळालं नाही तर चावायचा सगळा जोर आतल्या भरावावर आणि पोस्टवर, म्हणजे मुळात घालतात त्या बारीक सळईवर येतो, मग कधीतरी ते सगळं सुटून बाहेर येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मूळ उभं चिरतं, आणि उभं चिरलेलं मूळ कोणी जोडू शकत नाही, मग दात काढायचाच. माझ्या दाढेची गालाकडची भिंत चांगली होती, पुढची मागची बरी, जिभेकडची भिंत मोडून हिरडीच्या खाली गेलेली. त्यामुळे आधी जुनं सिमेंट आणि कीड सगळी काढणार, काय उरतं ते बघणार आणि मग सांगणार वाचवायचा की नाही. त्या साफ करण्याचे पैसे वेगळे, आणि दात नाही वाचला तरी ते परत मिळणार नाहीत हेही आधीच सांगितलं. बाहेर येऊन घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, म्हणजे दात जाणार की राहणार हे सांगायचेपण पैसे? हो, सांगायचेच पैसे. सांगता येणं हेच तर काम आहे ना.

आणि उगाच दात वाचवायच्या मागे लागणारं हे क्लिनिक नाही हे मला आधीपासून माहीत होतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना यांनीच सरळ सांगितलं होतं की मूळ चिरलंय, यावर एक रुपयाही घालवू नका, काढून टाका. काका तेव्हा जाम चिडले होते, आता सगळ्यांना इथेच पाठवतात.

साफसफाईच्या दिवशी खुर्चीसमोरच्या स्क्रीनवर सगळं दिसत होतं. मॅडमच्या डोळ्यांवर ते दुर्बिणवाले चष्मे, मधेमधे थांबून छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढायच्या. आधी सिमेंट निघालं, मग तपकिरी मऊ कीड, ती हळू फिरणाऱ्या ड्रिलने आणि हाताने खरवडून काढत होत्या, टोकदार हत्याराने दाबून बघायच्या, मऊ लागलं की परत खरवड. शेवटी स्क्रीनवर एक वाटोळा खड्डा, तळाला गुलाबी ठिपके, म्हणजे जुन्या रूट कॅनालमधलं गट्टापर्चा, मुळात भरतात तो रबरासारखा भराव, आणि एका बाजूला भिंतच नाही. मग निळा रंग लावून तडा कुठे आहे का ते बघितलं. त्यानंतर एक बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दाताच्या मधे घालून चहूबाजूंनी खोली मोजली, आणि आकडे मोठ्याने बोलून असिस्टंटला लिहायला लावले. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाल्या सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी एकदम आठ-नऊ असं आलं असतं तर तिथे मूळ चिरल्याचा दाट संशय, एक्स-रेमधे असा तडा बऱ्याचदा दिसतच नाही. माझे आकडे तीनच्या आत राहिले. तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, चला, करूया.

आता इथून पुढे कामं तीन, रूट कॅनाल परत करणं, हिरडीचं काम, आणि वरची बांधणी नि कॅप, आणि माणसंही तीन, आणि इथेच माझी वेळेबद्दलची तक्रार सुरू होते. हे क्लिनिक मॅडमचं, पण अवघड रूट कॅनालचे डॉक्टर बाहेरून येतात, मंगळवारी संध्याकाळी, आणि हिरडीचे डॉक्टर वेगळे, ते शनिवारी. मुंबईत बहुतेक छोट्या क्लिनिकांत असंच असतं आणि त्याला माझी हरकत नाही, उलट ज्याचं जे काम त्याने ते करावं. पण मंगळवारचे डॉक्टर ठाण्यापलीकडून लोकलने येणार, पावसाळ्याचे दिवस, सेंट्रल लाइन बंद पडली की इथे बाकावर आम्ही सगळे तोंडं उघडायला तयार आणि डॉक्टर कळव्याला अडकलेले. एकदा तर नुसतं बसून परत आले. पेशंटला आधी फोन करून सांगायला काय जातं? रिसेप्शनवरची मुलगी म्हणे, काकू ते निघालेत, पोचतीलच. (काकू! मॅडम ताई म्हणतात आणि ही काकू.)

जुनं रूट कॅनाल परत का करायचं हाही प्रश्न मला पडला होता, एकदा झालंय ना. तर कॅप निघाल्यावर, आणि बहुतेक त्याच्या आधीपासूनच, आतल्या भरावाला लाळ लागत होती, लाळेबरोबर बॅक्टेरिया मुळात उतरतात, आणि शिवाय एक्स-रेमधे मागच्या मुळातला भराव टोकाच्या बराच अलीकडे थांबलेला दिसत होता. अशा पायावर पुढचं सगळं खर्चिक काम उभं करायला मंगळवारच्या डॉक्टरांनी सरळ नकार दिला. माणूस कमी बोलणारा पण हात सोन्याचा. आधी मॅडमनी मोडलेल्या बाजूला एक तात्पुरती भिंत भरून उभी केली होती, मग यांनी दाढेला रबर डॅम लावली, म्हणजे एक पातळ रबरी शीट ताणून फक्त तेवढाच दात बाहेर ठेवतात, बाकी तोंड, जीभ, लाळ सगळं शीटच्या मागे. भिंतीशिवाय ती टिकली नसती म्हणे. पहिली पाच मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं, नाकाने श्वास घ्यायची सवय झाली की उलट बरं, ते ब्लीचच्या वासाचं औषध घशात उतरत नाही. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डेंटिस्टने ही युक्ती १८६४ साली काढलेली, दीडशे वर्षं उलटून गेली, आणि माझ्या आधीच्या रूट कॅनालला ती कोणी लावली नव्हती, कापसाच्या वळकट्यांवर काम भागवलं होतं. नवीन ठिकाणी गेलात तर हे नक्की विचारा, रबर डॅम लावता का. जे लावतात ते खुशीने सांगतात, जे लावत नाहीत ते विषय बदलतात.

हिरडीचं काम. याला क्राउन लेंग्थनिंग म्हणतात, नाव भारी आहे पण काम म्हणजे जिभेच्या बाजूला हिरडी थोडी खाली सरकवणं आणि खालचं हाड अगदी थोडंसं घासणं, म्हणजे आत गेलेली दाताची कड वर मोकळी होते आणि ते मघाचं दोन मिलिमीटर फेरूल मिळतं. नुसती हिरडी कापून भागत नाही का असं मी विचारलंच, तर हाडापासून वर साधारण दोन मिलिमीटर जागा शरीराला हिरडी चिकटवायला लागतेच, तिथे कॅपची कडा खुपसली तर हिरडी कायम लाल, कायम सुजलेली, ब्रश लावला की रक्त. आणि खालच्या दाढेला दोन मुळं असतात, ती जिथे फुटतात ती जागा उघडी पडेल इतकं हाड काढायचं नाही, त्यामुळे हे सगळ्यांना करता येत नाही, मोजूनमापून करावं लागतं. दुखलं का? सुई टोचताना दुखलं, काम करताना नाही, रात्री गोळी घ्यावी लागली. टाके पडल्यावर पातळ वरण-भात, गुरगुट्या भात, केळं. सासूबाईंनी हळदीचं दूध देऊन देऊन बेजार केलं. टाके निघेपर्यंत त्या बाजूला ब्रश नाही, नुसतं गुळणीचं औषध.

आणि मग ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते, पोस्ट आणि कोअर. कोअर म्हणजे मोडलेल्या दाताच्या जागी भरून उभा केलेला ठोकळा, ज्यावर कॅप बसते. माझी समजूत अशी होती की पोस्ट म्हणजे आत सळई घालतात आणि दात मजबूत होतो, कॉलम भरल्यावर व्हावा तसा. मॅडमनी ती समजूत तिथल्या तिथे काढली. पोस्टने दात मजबूत होत नाही, उलट त्याच्यासाठी मूळ आतून कोरावं लागतं म्हणजे दात थोडा कमजोरच होतो. पोस्टचं काम एकच, वरचा कोअर धरून ठेवायचा. त्यामुळे जिथे तीन-चार भिंती उभ्या आहेत आणि आतली पोकळी खोल आहे तिथे मोठ्या दाढेत बऱ्याचदा पोस्ट लागतच नाही, नुसता कोअर भरतात. मग माझ्यात कशाला? कारण एक अख्खी बाजू गेलेली आणि पोकळीही उथळ, कोअरला पकड मिळेना. मग खालच्या दाढेचं मागचं मूळ, जे त्यातल्या त्यात सरळ आणि जाड असतं, त्यात एकच. पुढच्या मुळाच्या नळ्या बारीक आणि वाकड्या, तिथे कोरायला गेलं तर भिंत फुटायची भीती.

मेटलचा की फायबरचा हेही विचारलं, कारण आमच्या ओळखीतल्या एकीने छातीठोकपणे सांगितलं होतं की मेटलचाच घाल, प्लास्टिक घालून घेऊ नकोस. फायबर पोस्ट प्लास्टिक नाही, त्यात काचेचे तंतू असतात, आणि तो जोर आला की दाताच्या आतल्या भागासारखाच थोडा लवतो. धातूचा लवत नाही, तो सगळा जोर मुळावर टाकतो. त्यामुळे बिघडायचं झालं तर फायबरवाला बहुतेक सुटून येतो, जो परत बसवता येतो, आणि धातूवाल्यात मूळ चिरायची भीती जास्त. ओतीव धातूचे पोस्ट अजूनही काही केसेसमधे करतात, चूक आहे असं नाही हे मॅडमनीच सांगितलं, पण माझ्यासाठी फायबर.

काम प्रत्यक्षात असं झालं. परत रबर डॅम. मंगळवारच्या डॉक्टरांनी तात्पुरतं भरलेलं मॅडमनी काढलं तर लवंगेचा वास आला, दाताच्या तात्पुरत्या सिमेंटात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं ना, ते. मॅडम त्यावर जरा वैतागल्या, कारण युजेनॉल राहिलं तर पुढचं रेझिन, म्हणजे चिकटवायचं आणि भरायचं मटेरियल, नीट कडक होत नाही, मग दहा मिनिटं नुसतं घासून घासून धुतलं. मागच्या मुळातला गुलाबी भराव हळू ड्रिलने काढत नेला, पण सगळा नाही, टोकाचा चार-पाच मिलिमीटर भराव तसाच ठेवायचा, तेच मुळाचं बूच. पोस्ट घालून एक्स-रे, बरोबर त्या भरावावर टेकला की नाही ते बघितलं, मग काढून स्पिरिटने पुसला, नळीत सिमेंट, परत आत, आणि निळी लाइट. पोस्ट माझ्या हातावर ठेवून दाखवलेला, दुधी रंगाचा, टोकाला निमुळता, दीड मिलिमीटर जाड असेल जेमतेम, एवढ्याशा वस्तूवर आपण शेंगदाण्याचा लाडू फोडणार आहोत हे पटत नाही.

कोअर त्याच बैठकीत. उरलेल्या दाताला निळी जेल लावली, ते फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं ३७ टक्केवालं, पंधरा सेकंद, धुतलं, फुंकर मारून कोरडं पण एकदम खणखणीत कोरडं नाही, मग बाँडिंग म्हणजे चिकटवायचं द्रव, लाइट. मग दाताभोवती पातळ पत्र्याची पट्टी आवळली, म्हणजे नसलेल्या भिंतीच्या जागी साचा झाला, आणि छोट्या गनने आत कोअरचं कॉम्पोझिट सोडत गेल्या, तळापासून वर, पोस्टच्या भोवती, मधेमधे टोचून हवेचे बुडबुडे काढत. या सगळ्यात एक थेंब लाळ आत गेली तर चिकटणं गेलं, म्हणून तर ती रबर डॅम. मटेरियल मुद्दाम दातापेक्षा जरा वेगळ्या पांढऱ्या रंगाचं घेतलं, म्हणजे नंतर कॅपसाठी घासताना दात कुठे संपतो आणि भराव कुठे सुरू होतो ते दिसतं, आणि कॅपची कडा दातावरच येते. ही गोष्ट मला फार आवडली. आधीच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं. पट्टी काढल्यावर स्क्रीनवर बघितलं तर ठोकळा, सुंदर वगैरे काही नाही, पण जिभेच्या बाजूला कोअरच्या खाली दाताची स्वतःची कड चांगली दिसत होती.

त्यावर टेम्पररी कॅप घातली, अ‍ॅक्रिलिकची. हिरडीला बरं व्हायला काही आठवडे द्यावे लागतात, तोवर हिरडीची लेव्हल हलत असते, घाई करून माप घेतलं तर नंतर कॅपची कडा उघडी पडते. त्या काळात टेम्पररी एकदा निघाली, शनिवारी रात्री, अर्थातच. क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, रविवारी सकाळी मॅडमचा स्वतःचा रिप्लाय आला, कॅप जपून ठेवा, त्या बाजूने चावू नका, सोमवारी या. सोमवारी पाच मिनिटांत लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत. टेम्पररी असताना फ्लॉस वर ओढून काढायचा नाही, बाजूने सरकवून काढायचा, ही टीप त्यांनीच दिली.

कॅप कोणती घ्यायची यात मला अपेक्षा होती की आता सगळ्यात महागाचं गळ्यात मारतील. नाही मारलं. मेटलवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला वरून दीड-दोन मिलिमीटर दात घासावा लागतो, अख्ख्या झिरकोनियाच्या, म्हणजे एका कडक पांढऱ्या सिरॅमिकच्या कॅपला साधारण एक मिलिमीटरमधे भागतं, आणि आपल्याकडे घासायला दात आहेच किती, म्हणून झिरकोनिया. तेही मधल्या किमतीचं, कारण मागच्या दाढेला हुबेहूब रंगछटांसाठी जास्त पैसे घालू नका असं त्याच म्हणाल्या. शेड ए-थ्री. माप पुटीने नाही, स्कॅनरने घेतलं, पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवतात, ज्यांना उमासे येतात त्यांना हे वरदान आहे.

लॅबमधून कॅप आली तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. बसवून बघितली, मला एकदम बरोबर वाटली, मी म्हटलं लावून टाका आता. मॅडमनी मागच्या दाताच्या फटीत फ्लॉस घातला तर तो नुसता सरकन खाली गेला. पुढच्या बाजूला घातला तर टक करून अडकून गेला, तसा दोन्ही बाजूंना जायला हवा. मागे फट राहिली तर प्रत्येक जेवणात तिथे मटण अडकणार, पालेभाजी अडकणार, मग हिरडी सुजणार आणि शेजारच्या दाताला कीड. परत पाठवली लॅबला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, अजून एक आठवडा, पण सिमेंटने चिकटवून टाकली असती तर मला काय कळणार होतं? मला तर ती बरोबरच वाटत होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा दोन्हीकडे टक झालं, कडा बसल्याचा एक्स-रे काढला, निळा कागद चाववून उंच लागत होती तिथे थोडी घासली, आणि घासल्यावर पॉलिशचं रबर फिरवून परत गुळगुळीत केली, कारण झिरकोनिया खरबरीत राहिला तर समोरच्या वरच्या दाढेला झिजवतो.

आता पैसे. परत रूट कॅनाल आठ हजार, हिरडीचं सात, पोस्ट आणि कोअर मिळून पाच, कॅप बारा, साफसफाई, एक्स-रे आणि टेम्पररी धरून वर अडीच. साडेचौतीसला गेलं. मेडिक्लेममधे दाताचं साधारणपणे बसत नाही, माझ्याही नाही बसलं. साडेतीनच मार्क का, तर हिरडीचं काम लागू शकतं हे पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं पण कागदावरच्या एस्टिमेटमधे तो आकडा नव्हता, आणि टेम्पररीचे वेगळे पैसे आहेत हे मला बिलातच कळलं. विचारल्यावर नीट समजावलं, आवाज चढवला नाही, पण विचारायची वेळ यायला नको होती. कागदावर सगळे "लागलं तर" वाले आकडेही लिहून मागा. यूपीआय चालतं, दोन टप्प्यांत दिले तरी चालतात.

ज्यांना एवढा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे महापालिकेचं, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे यातली सगळी कामं होतात, शिकणारे डॉक्टर सीनियरच्या देखरेखीखाली करतात, खर्च खासगीच्या मानाने फारच कमी, वेळ मात्र द्यावा लागतो. खासगीत गेलात तर निदान एवढं विचारा, कीड काढल्यावर दात किती उरला त्याचा फोटो दाखवा. रूट कॅनालनंतर कॅप टाळत बसू नका हेही खरं, मॅडमनी २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाचं सांगितलं की रूट कॅनाल झालेल्या ज्या दातांवर कॅप नव्हती ते कॅपवाल्यांपेक्षा सहापट वेगाने गेले. पण आत काही नसताना वरून कॅप घालून काय होतं ते माझ्या टिश्यूत गुंडाळलेलं होतंच.

दाढ आता कशी आहे, तर चावते. भाकरी, चकली, मटणाचं हाड सोडून सगळं. सुपारी आणि बर्फ मॅडमनी बंद केलाय, सुपारी मी खातच नव्हते. सुरुवातीला त्या बाजूने चावताना दात जरा जड लागायचा, पुढे विसरायलाच झालं. हमी विचारली तर झिरकोनिया कॅपचं कंपनीचं कार्ड दिलं आणि सांगितलं की हे कार्ड कॅपचं आहे, दाताचं नाही, दाताचं तुमच्या ब्रशवर आणि वर्षातून एकदा एक्स-रे काढायला येण्यावर.

बाकी फुटकळ. पार्किंग नाही, स्कूटरसुद्धा लांब लावावी लागते, स्टेशनवरून चालत या. एसी फार गार असतो, ओढणी न्या. वेटिंगमधे टीव्हीवर सारखं तेच दात घासायचं कार्टून. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा विचार करून या, पहिलाच मजला पण पायऱ्या उंच आहेत. नुसतं दाखवायला जाणार असाल तर मंगळवारी संध्याकाळी अजिबात जाऊ नका, बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी अकराच्या आधी गेलात तर मॅडम निवांत भेटतात, आणि निघायच्या आधी फोन करा, उचलला नाही तर व्हॉट्सअ‍ॅप करा, त्याला उत्तर येतं.